फारोच्या कबरी खोदणाऱ्यांचे गाव



मिस्सामध्ये निर्गमच्या पुस्तकातील वाचन असले की मिसर देशाचे नाव आपल्या कानावर पडते. मिसर म्हणजे आजचा इजिप्त. त्या नावाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? विटा थापणारे इस्राएली, हातात चाबूक घेतलेले मुकादम, मन कठोर केलेला फारो आणि मागे पिरॅमिड! पवित्र शास्त्र मिसरकडे पाहते ते तेथे छळ सोसलेल्यांच्या नजरेने, आणि ते रास्तच आहे. पण त्याच देशात फारोच्या धान्यावर जगणारी, लेकुरवाळी, साधी कुटुंबेही होती. ती काय खात होती, कुणाची प्रार्थना करत होती, घरातल्या बाईला काय मान होता, आणि ज्याला ती देव मानत त्या राजाने पगार थकवला तर ती काय करत, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आजच्या लेखात आम्ही अशाच एका गावाची ओळख करून देत आहोत.

नाईल नदीच्या पश्चिमेला, आजच्या लक्सर शहरासमोर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या खोबणीत हे गाव वसले होते. आज त्याला देर एल-मदिना म्हणतात. अरबी भाषेत 'देर' म्हणजे मठ. गाव ओस पडल्यावर कित्येक शतकांनी मिसरमधील ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे कॉप्टांनी, तेथल्या हाथोर देवीच्या मंदिरात आपले प्रार्थनास्थान थाटले, त्यावरून हे नाव पडले. मूळ गावकरी मात्र त्याला नुसते 'गाव' म्हणत. इ. स. पूर्व १५०० च्या आसपास ते वसले आणि चारशेहून अधिक वर्षे नांदले. गावचा धंदा एकच. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात फारोंसाठी कबरी खोदायच्या, भिंती गुळगुळीत करायच्या आणि त्यांवर चित्रे काढायची. (पिरॅमिडांशी या लोकांचा काही संबंध नव्हता. गावाच्या भरभराटीच्या काळात पिरॅमिड बाराशेहून अधिक वर्षांचे जुने झाले होते!)

तीन हजार वर्षांपूर्वीच्या कामगारांचे घरगुती बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले कसे? त्याला कारण झाली पाण्याची टंचाई. गाव वाळवंटात, विहीर नाही. नदीकाठाहून गाढवांच्या पाठीवर रोज पाणी येई. कधीतरी लोकांनी गावाच्या उत्तरेला एक प्रचंड खड्डा खणला. सुमारे ५० मीटर खाली गेले तरी पाणी लागले नाही. मग त्या खड्ड्याचा झाला उकिरडा. पपायरस महाग, म्हणून हे लोक चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहीत आणि काम झाले की फेकून देत. हिशेब, चिठ्ठ्या, भांडणे, औषधे, उसनवारी, सगळे काही! फ्रेंच संशोधक बर्नार्ड ब्रुयेर यांनी १९२२ पासून १९५१ पर्यंत येथे उत्खनन केले, तेव्हा या खड्ड्यातून हजारो खापऱ्या निघाल्या. पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्याने पाणी दिले नाही, पण गावाची आठवण जपून ठेवली.

घरे चिंचोळी, एकमेकांना भिंती लागून. गावकुसाच्या आत अशी सुमारे ६८ घरे होती. पुढच्या खोलीत विटांचा एक उंच ओटा असे. काही घरांत त्यावर बेस नावाच्या बुटक्या देवाचे चित्र आहे. तो बाळंतिणीचा व लहान मुलांचा राखणदार. मधली खोली बसाउठायची, तिथे भिंतीत देवांचा कोनाडा. मागे स्वयंपाकाची उघडी जागा, भट्टी, धान्य दळायचा दगड आणि गच्चीवर जायचा जिना. खाली एक लहानसे तळघर. एवढ्यात आठ-दहा माणसांचे बिऱ्हाड!

कामगार साधारण चाळीस ते साठ असत. त्यांच्या दोन टोळ्या, उजवी आणि डावी. जहाजावरच्या खलाशांच्या टोळ्यांचे शब्द इथे वापरात होते. प्रत्येक टोळीला एक मुकादम, आणि हिशेबाला लेखनिक. आठ दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी असा दहा दिवसांचा आठवडा. कामाच्या दिवसांत पुरुष घरी येत नसत, डोंगराच्या खिंडीतल्या दगडी झोपड्यांत झोपत. म्हणजे बहुतेक दिवस गाव बायका, मुले आणि म्हातारे यांचेच. तांब्याच्या छिन्न्या सरकारच्या मालकीच्या. त्या वजन करून दिल्या जात आणि वजन करूनच परत घेतल्या जात. कबरीच्या अंधारात जळणाऱ्या दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून मिळत.

आता पगार. नाणी नव्हती, पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार सातू. मुकादमाला एकूण साडेसात खार. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटरचे माप. हा गहू म्हणजे आपल्याकडे खीर आणि पुरणपोळीसाठी आवर्जून घेतात त्या खपलीच्याच जातीचा. गव्हाची भाकर आणि सातूची बिअर हे रोजचे अन्न. बिअर घरोघरी बनत असे. शिवाय सरकारकडून मासे, भाज्या, जळण, मडकी आणि पाणी येई. कपडे धुवायला नदीकाठी परीट नेमलेले असत, हे वाचून आमच्या भगिनी नक्कीच हेवा करतील! गणनाच्या पुस्तकात (११:५) रानात भटकणारे इस्राएली लोक मिसरमधल्या मासळीची, काकड्यांची, कांद्या-लसणाची आठवण काढून रडतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी का आले, ते या गावाचे रेशन पाहून थोडे कळते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या गावची एक मोठी चुनखडीची कपची आहे. ते चक्क हजेरीचे मस्टर आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचे ४० वे वर्ष, म्हणजे इ. स. पूर्व तेराव्या शतकाचा मध्य. चाळीस कामगारांची नावे, २८० दिवसांची नोंद. गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि प्रत्येक तारखेवर लाल शाईत कारण. आजारपण सर्वांत जास्त. कुणाचे डोळे आलेले. कबरीतली धूळ आणि दिव्यांचा उजेड यांत दुसरे काय होणार? एकाला विंचू चावला. कुणी बिअर करण्यासाठी घरी राहिला. कुणी घरच्या मयताला मसाला भरून कापडात गुंडाळायच्या कामात होता. काहींच्या नावापुढे बायकोची किंवा मुलीची मासिक पाळी हे कारण दिले आहे. औषधे करणारा एक कामगार कित्येक दिवस गैरहजर, कारण तो आजारी सोबत्याजवळ बसून औषध तयार करत होता आणि ते कारण मान्य झालेले दिसते. ही यादी वाचताना आम्हाला राहून राहून वाटले, मजुराच्या आईच्या मरणासाठी किंवा विंचवाच्या दंशासाठी त्या लेखनिकाने लाल शाई झिजवली, हे काही थोडे नाही. तरीही हे गाव म्हणजे स्वर्ग नव्हता. घरोघरचे दळण करायला सरकारकडून दासी मिळत, आणि त्यांच्या नावाने मस्टर कुणी ठेवलेले नाही.

उधारीही होती. मेन्ना नावाच्या कामगाराने पोलिसप्रमुख मोन्तमोसे याला ताज्या चरबीचे भांडे विकले. 'सातू देतो' असे साहेबांनी सांगितले. मेन्ना गावच्या न्यायसभेत पुन्हा पुन्हा जात राहिला, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी सातू आले नव्हते. शेवटी पोलिसप्रमुखाला शपथ घ्यावी लागली की मुदतीत फेडले नाही तर शंभर फटके खाईन आणि दुप्पट देईन. गावच्या न्यायसभेत मुकादम, लेखनिक आणि साधे कामगारच बसत. तिथे पोलिसाविरुद्ध उभे राहता येई, हे विशेष. मात्र पोलिसाने पैसे बुडवले की वेळ लागतो, हेही तितकेच जुने!

या न्यायसभेपुढे एक दिवस नौनाख्ते नावाची म्हातारी उभी राहिली. पाचव्या रामसेसच्या कारकिर्दीचे तिसरे वर्ष, इ. स. पूर्व सुमारे ११४५. तिचा पहिला नवरा गावातला नावाजलेला लेखनिक, तिच्याहून वयाने बराच मोठा. तो वारल्यावर तिने एका कामगाराशी लग्न केले. त्याच्यापासून आठ मुले झाली. तिच्या मृत्युपत्राचा पपायरस आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. त्यात ती प्रथम सांगते की मी फारोच्या देशातली स्वतंत्र स्त्री आहे. मग म्हणते की आठही मुलांना मी वाढवले, संसाराला लागणारे सामान दिले. आता मी म्हातारी झाले आहे आणि ती सगळी माझ्याकडे बघत नाहीत. ज्यांनी मला हात दिला त्यांना माझे मिळेल, ज्यांनी दिला नाही त्यांना मिळणार नाही. चौघांना तिने आपल्या वाट्यातून वगळले. बापाच्या मालमत्तेत त्यांचा हक्क राहिला, कारण ती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तिचा नव्हता. एका मुलाला तिने वाट्याशिवाय जास्तीचे एक काशाचे तस्त दिले. त्याने आईची किती काळजी घेतली असेल, ते त्या तस्तावरून ओळखावे. पुढे बाप आणि मुले पुन्हा न्यायसभेपुढे आली आणि आईचे लिखित आम्ही मोडणार नाही असे त्यांनी सांगितले.

आमच्यापैकी काहींनी हे वाचून विचारले, इतक्या प्राचीन काळी बाईच्या नावावर मालमत्ता होती? होती. मिसरमधील विवाहित स्त्रीला 'घरची धनीण' म्हणत. ती वारसा घेऊ शकत होती, देऊ शकत होती, न्यायसभेत साक्ष देऊ शकत होती, नवऱ्यापासून वेगळीही होऊ शकत होती. कबरीच्या टोळीत मात्र तिला जागा नव्हती आणि न्यायसभेत पंच म्हणून बसलेले दिसतात ते पुरुषच.

श्रद्धेच्या बाबतीत हे गाव फार बोलके आहे. गावामागे पिरॅमिडसारख्या आकाराचे एक शिखर आहे. तिथे मेरेत्सेगेर नावाची नागदेवी राहते अशी समजूत. नावाचा अर्थ 'शांतता जिला आवडते ती'. त्या निर्जन डोंगराला हे नाव शोभते. नेफेराबू नावाच्या कामगाराने दगडावर आपली कबुली कोरून ठेवली आहे. पताह देवाची मी खोटी शपथ घेतली आणि त्याने मला भर दिवसा अंधार दाखवला, म्हणजे माझी दृष्टी गेली, असे तो सांगतो. माझ्यासारखे करू नका, असेही बजावतो आणि दयेची याचना करतो. दुसऱ्या एका शिळेवर तोच सांगतो की शिखरावरच्या देवीचा मी अपराध केला, श्वास कोंडला, मग ती वाऱ्याच्या झुळुकीसारखी माझ्याकडे आली. देव वेगळे, शास्त्र वेगळे, पण पाप कबूल करून दया मागणारा हा आवाज स्तोत्रसंहितेचे वाचक असलेल्या आम्हाला परका वाटला नाही. काही शिळांवर तर देवाचे नुसते कान कोरलेले आहेत, कितीतरी कान! मागणे ऐकले जावे म्हणून.

गावाचा आवडता पालक मात्र एक मृत राजा होता, पहिला आमेनहोतेप. सणाच्या दिवशी त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघे आणि लोक तिला प्रश्न विचारत. माझी वस्तू अमक्याने चोरली का? हे घर माझे की त्याचे? मूर्ती पुढे सरकली तर होय, मागे सरकली तर नाही. मूर्ती वाहणारे गावचेच कामगार. गावात कोण चोर आणि कोण साव हे त्या खांद्यांना आधीच ठाऊक असणार, असे आम्हाला वाटते. तरी निकाल लोक मानत.

मरणानंतर काय? हृदय तराजूत तोलले जाईल, दुसऱ्या पारड्यात सत्याचे पीस. माणूस तिथे शपथेवर सांगणार की मी चोरी केली नाही, कुणाला उपाशी ठेवले नाही, कुणाला रडवले नाही. हृदय जड ठरले तर एक अक्राळविक्राळ प्राणी ते गिळून टाकणार. जे तरले त्यांच्यासाठी पुढे हिरवी शेते. सेन्नेजेम नावाच्या कामगाराची कबर १८८६ मध्ये सापडली. तिच्या भिंतीवर तो आणि त्याची बायको पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून शेत कापत आहेत, भोवती पाण्याचे पाट, खाली फळांनी लदलेली झाडे. जन्मभर दगड फोडणाऱ्या, पाण्याच्या प्रत्येक घागरीसाठी गाढवांची वाट पाहणाऱ्या माणसाचा स्वर्ग दुसरा कसा असेल?

आता त्या घटनेकडे येऊ, जिच्यामुळे हे गाव इतिहासात अजरामर झाले. तिसऱ्या रामसेसचे २९ वे वर्ष, इ. स. पूर्व सुमारे ११५७. हा राजा लहानसहान नव्हता. त्याने मंदिरांना दिलेल्या देणग्यांची यादी असलेला पपायरस ४० मीटरहून लांब आहे! त्याच्या राज्याभिषेकाच्या महोत्सवाची तयारी चालू होती. आणि या गावात धान्य आले नव्हते. महिन्याचे अठरा दिवस उलटले, वीस उलटले, धान्य नाही. एक दिवस सगळी टोळी काम टाकून चौक्या ओलांडून खाली उतरली आणि एका मंदिरामागे जाऊन बसली. अधिकारी धावत आले, आश्वासने दिली. रात्री लोक परतले, सकाळी पुन्हा बाहेर! मग ते दुसऱ्या रामसेसच्या मोठ्या मंदिरापाशी गेले. त्यांचे म्हणणे लेखनिकाने जसेच्या तसे टिपून ठेवले आहे. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो आहोत. वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. फारोला कळवा, वजिराला कळवा, आम्हाला जगायला अन्न मिळू द्या. जगाच्या इतिहासात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो.

आम्हाला यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटली. त्यांनी राजाला शिव्या दिल्या नाहीत, हातोडे घेऊन कोठार फोडले नाही. त्यांचा राजा देव होता, आणि त्या देवाला कळले की तो अन्याय होऊ देणार नाही, असे ते धरून चालले होते. त्या वेळी गावकऱ्यांची बाजू घेणारा पोलिसप्रमुख मोन्तमोसे नावाचाच होता. बायकामुलांना घेऊन चला, मी तुमच्यापुढे चालतो, असे तो म्हणाला. बहुधा हाच तो चरबीचे सातू न देणारा! माणूस एकाच मापाचा नसतो. मागच्या महिन्याचे धान्य मिळाले, पण पुढचे पुन्हा थकले आणि पुन्हा बसकण झाली. वजीर तो त्या वेळी महोत्सवासाठी दक्षिणेकडच्या मंदिरांतील देवांच्या मूर्ती न्यायला आला होता, पण गावात आला नाही. त्याने निरोप धाडला, त्याचा आशय असा, की कोठारातच काही नाही, तरी मिळेल ते देतो. मूर्ती बोटीतून महोत्सवाला गेल्या.

राजाच्या हृदयाचे पुढे तराजूत काय झाले ते देव जाणे. त्याच्या महालातच एका राणीने कट केला. कटाच्या खटल्याची कागदपत्रे पूर्वीपासून माहीत होती. २०१२ मध्ये त्याच्या देहाच्या स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गळा खोलवर चिरलेला असल्याचे स्पष्ट झाले.

पुढच्या शंभर वर्षांत राज्य खिळखिळे झाले. धान्य वरचेवर थकू लागले, कबरी फोडल्या जाऊ लागल्या, आणि चोरांमध्ये याच गावचे काही जण सापडले. पश्चिमेकडून टोळ्यांची भीती वाढली तेव्हा लोक गाव सोडून तिसऱ्या रामसेसच्याच मंदिराच्या तटाआड राहायला गेले. त्यांच्यात बुतेहामून नावाचा लेखनिक होता. नव्या कबरी खोदण्याचे काम संपले होते. जुन्या राजांचे देह कबरींतून बाहेर काढायचे, नव्या कापडात गुंडाळायचे आणि लपवायचे, हे काम आता त्याच्याकडे आले. सोने मात्र बहुतेक गेलेच, काही चोरांकडे, काही सरकारकडे. तिसऱ्या रामसेसचा देहही असाच नव्याने गुंडाळला गेला. देहाच्या कापडावर शाईने जी नोंद आहे तीत बुतेहामूनचे नाव आहे. संपाची नोंद ज्याने बहुधा लिहिली तो लेखनिक आमेननाख्त हा याच बुतेहामूनचा खापरपणजोबा.